शुद्ध नाही म्हणजे नक्की काय?

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी वाडीतल्या लोकांच्या लेखी मी अजून रात्रपाळीवरच आहे. दार वाजतं, कडी काढायच्या आत बाहेरून आवाज येतो, "सिस्टर, चला लवकर, बाबांना शुद्ध नाय." मी चप्पल पायात सरकवत विचारते, "हाक मारली तर डोळे उघडतात का?" पुढचा माणूस गप्प. हाक मारून बघितलेलीच नसते. कांदा फोडून नाकाशी धरलेला असतो, तोंडावर पाणी मारून झालेलं असतं, देव्हाऱ्यातला अंगारा लावलेला असतो. हाक तेवढी राहिलेली असते.

एकतीस वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यात नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात. तिथे "शुद्ध नाही" म्हणून आणलेली माणसं किती तऱ्हेची! चक्कर येऊन पडलेली आणि दारातच उठून बसणारी, फिट येऊन गेल्यावर घोरत पडलेली, साखर उतरलेली, आणि वाटेतच गेलेलीही. सगळ्यांना शब्द एकच. म्हणून नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी सांगायचे, पेशंटला नाव देऊ नका. ड्राउझी, सिरियस, जनरल कंडिशन पुअर, यातलं काहीही नको. तुम्ही काय केलंत, त्याने काय केलं आणि तेव्हा किती वाजले होते, या तीन गोष्टी सांगा. आता तेच तुम्हाला सांगते.

हात लावण्याआधी

आजूबाजूला बघा. विजेची वायर, ओली जमीन, उलटी, गोळ्यांचं रिकामं पाकीट, फवारणीच्या औषधाची बाटली. आमच्याकडे आंब्याच्या मोहोरावर फवारणी चालते त्या दिवसांत बाटलीकडे माझी नजर आपोआप जाते. बाटली सापडली तर पिशवीत घालून पेशंटबरोबर पाठवा, पण त्याचे भिजलेले कपडे उघड्या हाताने काढू नका. तेच औषध तुमच्याही कातडीतून आत जातं.

मग त्याच्या खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारा. दाद नसेल तर हनुवटी वर उचला आणि दहा सेकंद छाती-पोटाकडे बघा. श्वास चालू आहे का? इथे एक फसगत ठरलेली. हृदय बंद पडल्यावरही काही माणसं मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तशी तोंडाची उघडझाप करतात, मधूनच एक मोठी उसासल्यासारखी हवा ओढतात. नातेवाईक म्हणतात, "श्वास चालू आहे हो!" तो श्वास नव्हे. दाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की १०८ ला फोन लावा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल. त्या वेळी नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या माणसाला स्वतःची नाडी लागते आणि ती पेशंटची वाटते.

ज्याचा श्वास चालू आहे त्याच्यासाठी पुढचं सगळं.

हाक, चिमटा आणि मधलं बरंच काही

जागरूकतेच्या चार पायऱ्या आहेत. आपणहून जागा आहे. हाकेला दाद देतो. दुखवल्यावरच दाद देतो. कशालाच देत नाही. रुग्णवाहिकेतली मुलं याला एव्हीपीयू म्हणतात. अलर्ट, व्हॉइस, पेन, अनरिस्पॉन्सिव्ह. अलीकडे त्यात आणखी एक पायरी मोजतात, ती म्हणजे नव्याने आलेला गोंधळ. माणूस टक्क जागा आहे, बोलतोही आहे, पण भलतंच. माझ्या मते सगळ्यात जास्त पेशंट याच पायरीवर निसटतात, कारण घरच्यांना वाटतं, बोलतोय ना, मग बरा आहे.

गोंधळ ओळखायला प्रश्न विचारा, पण माणूस बघून. ऐंशी वर्षांच्या आजीला आजची तारीख विचारण्यात अर्थ नाही, तिने ती गेली वीस वर्षं बघितलेली नाही. तिला विचारा, हे घर कुणाचं? मी कोण? गणपती होऊन गेले की यायचेत? आत्ता सकाळ की संध्याकाळ? प्रश्न विचारताना घरच्यांना गप्प बसवा. पेशंटला विचारलं की तीन जणं उत्तर देतात, आणि सून हळूच पुटपुटते, "अहो, सांगा ना, सिस्टर आल्यात."

मग हुकूम द्या. "डोळे उघडा." "जीभ बाहेर काढा." "माझी दोन बोटं घट्ट धरा." बोटं धरली म्हणून लगेच खूश होऊ नका. तान्हं बाळही तळहातात आलेलं बोट धरतं, बेशुद्ध माणसाचीही मूठ तशीच मिटू शकते. पुढे "आता सोडा" म्हणा. सोडली तर त्याला कळलं. दोन्ही हातांनी हे करून बघा. एका हाताची पकड ढिली, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं जड, यातलं काहीही एकाएकी झालं असेल तर तो अर्धांगाचा झटका समजा आणि माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ लिहून ठेवा. सापडला ती नव्हे, ठीक दिसला ती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि ते तास तिथपासून मोजतात.

हाकेला काहीच नाही, तर दुखवावं लागतं. गालफडात मारू नका. मान आणि खांदा यांच्यामधला जाड स्नायू अंगठा आणि दोन बोटांत धरून हळूहळू दाब वाढवत दहा सेकंदांपर्यंत दाबा. काय होतं ते डोळे फाडून बघा. तुमचा हात झटकायला त्याचा हात वर आला? नुसता हात आखडला? की हात-पाय ताठ होऊन उलटे वळले? की कण्हणंसुद्धा नाही? यातला फरक डॉक्टरला सोन्यासारखा.

ग्लासगोमध्ये टीसडेल आणि जेनेट या दोन मेंदूच्या सर्जननी १९७४ मध्ये हेच मोजमापात बसवलं. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, मिळून १५. अगदी काहीच नसलं तरी प्रत्येकी एक धरून ३ होतात, शून्य नसतंच. ८ किंवा त्याखाली गेला की स्वतःची श्वासवाट सांभाळायची ताकद त्याच्यात राहिली नाही असं आम्ही धरायचो. घरी तुम्ही आकडे घालू नका. भल्याभल्यांचे चुकतात, माझेही चुकलेत. "खांदा दाबल्यावर उजवा हात वर आला, डावा नाही" एवढं सांगितलंत तर आकडा डॉक्टर स्वतः काढतील.

आणि हो, जो हाकेला नीट दाद देत नाही त्याच्या तोंडात पाणी, चहा, साखर, गोळी, काहीच घालायचं नाही. ते पोटात जाण्याऐवजी फुप्फुसात जातं. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी बाहेर पडेल. घोरल्यासारखा आवाज येत असेल तर "गाढ झोपलाय" म्हणू नका, जीभ मागे पडलीय. हनुवटी उचला, आवाज थांबतो. पडून किंवा अपघातात लागलेलं असेल तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून, दोघा-तिघांनी मिळून वळवा.

श्वास चोरून मोजा

माणसाला कळलं की श्वास मोजतायत, की त्याची लय बदलते. म्हणून मी मनगट हातात घ्यायचे, नाडी बघतेय असं भासवायचे आणि नजर छातीवर. पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाचे १२ ते २०. पंचवीसच्या वर गेले की मला चैन पडायची नाही, मग बाकी सगळं कितीही छान असो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील तर ते वेगाचे. बाळाचं पोट आणि बरगड्या आत ओढल्या जातायत का तेही बघा.

कॅज्युअल्टीत सगळ्यात जास्त थापा कशाबद्दल लिहिल्या जातात, तर श्वासाच्या आकड्याबद्दल. शंभर केसपेपरवर शंभर वेळा "२०". बसल्या जागी लिहितात.

नाडी मनगटाशी, अंगठ्याच्या बाजूला, तीन बोटांनी. अंगठ्याने नको, त्यात स्वतःचे ठोके लागतात. साधारण ६० ते १००. वेगाइतकंच ती भरदार लागते की सुतासारखी बारीक, आणि नियमित आहे का, हेही महत्त्वाचं. आम्हाला शिकवलं होतं की मनगटाची नाडी लागली म्हणजे वरचं बीपी निदान ऐंशी आहे. ते तितकं खरं नाही हे पुढे कळलं, त्याहून कमी असतानाही लागते.

बीपीवर लोकांचा फार जीव. पण रक्तस्रावात बीपी सगळ्यात शेवटी पडतं. आधी नाडी धावते, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, माणूस अस्वस्थ होतो, पाणी मागतो. तरणाताठा पोरगा असेल तर अंगातलं पाव रक्त गेलं तरी मशीनवर ११०/७० दाखवेल, आणि मग एकदम कोसळेल. नाडी १३० आणि बीपी ११०/७० हा चांगला पेशंट नव्हे. उलट म्हातारी माणसं बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल घेत असतील तर त्यांची नाडी धावतच नाही, आणि आपण गाफील राहतो. डोक्याला मार लागलेल्याचं बीपी चढत जाऊन नाडी सावकाश व्हायला लागली तर कवटीच्या आत दाब वाढतोय. तिथे बीपीची गोळी देऊन आकडा खाली आणायच्या फंदात पडू नका.

मशीन नसेल तर नख आहे. पाच सेकंद दाबून सोडा, पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. हात गारठलेला असेल तर छातीच्या हाडावर दाबून बघा. गार, घामाने निथळणारं लेकरू मी सगळ्यात जास्त पाहिलं ते लाल विंचवाच्या दंशात. दुखणं थांबलं म्हणून आई-बाप निवांत, आणि नाडी मात्र पळतेय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्याआधीच्या काळात अशी कितीतरी मुलं हृदय थकून, फुप्फुसात पाणी होऊन जायची.

करोनात घरोघरी ऑक्सिमीटर आले, आता ते देव्हाऱ्याखालच्या खणात पडलेत. त्यावर दोन आकडे असतात. एक ऑक्सिजनचा टक्का, दुसरा नाडीचा. "सिस्टर, ऑक्सिजन ७२!" असा फोन मला आलाय, आणि ती नाडी होती. टक्का ९४ च्या वर असावा. बोटं गार असतील, नेलपॉलिश असेल, हात थरथरत असेल तर आकडा खोटा. शेगडीच्या धुराने बंद खोलीत गुदमरलेल्या माणसाला तर हे यंत्र छान ९८ दाखवतं, कारण विषारी वायूने भरलेलं रक्तही त्याला लालच दिसतं.

शेवटी डोळे. टॉर्च बाजूने आणून बाहुल्या बघा. दोन्ही सारख्या हव्यात, उजेडाने लहान व्हायला हव्यात. दोन्ही टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, अंगाला औषधाचा वास म्हणजे फवारणीचं विष. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करणाऱ्या शेतमजुरांच्या विषबाधेच्या बातम्या वाचताना तो वास मला घरबसल्या आला. डोक्याला मार आणि एकच बाहुली मोठी असेल तर मात्र मिनिटं मोजायची वेळ आलेली असते.

मी ज्याला झोपू दिलं

नोकरीचं चौथं-पाचवं वर्ष. पावसाळा, हायवेवर मोटरसायकल घसरलेला एक माणूस रात्री अकराला आणला. दारूचा भपकारा. कपाळाच्या बाजूला टेंगूळ, नाव सांगत होता, शिव्याही देत होता. ड्रेसिंग झालं, मी म्हटलं, प्यायलाय, झोपू दे जरा. वॉर्डात शांतता झाली म्हणून मला बरंच वाटलं. पहाटे दीडला त्याच्या घोरण्याचा आवाज बदलला म्हणून उठून गेले, तर हाकेला दाद नाही, डावी बाहुली मोठी. घाटातून कोल्हापूरला हलवला. जीव वाचला, उजव्या हाताची ताकद परत आली नाही.

दारूने माणूस हळूहळू सुधारत जातो, डोक्यातल्या रक्तस्रावाने बिघडत जातो. पण हे कळायला परत परत बघावं लागतं. मी अडीच तास बघितलंच नव्हतं. तेव्हापासून डोक्याला मार असलेल्या प्रत्येकाला दर अर्ध्या तासाने उठवून तेच प्रश्न, तेच हुकूम, त्याच क्रमाने. तो चिडतो. चिडू दे, चिडणं चांगलं. चिडायचा थांबला की गाडी बोलवा.

दुसरी फसगत याच्या बरोब्बर उलटी. श्रावणात एक चौदा वर्षांचा मुलगा आणला. रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखलं, उलटी झाली, मग पापण्या उघडेनात. घरच्यांना वाटलं झोप येतेय. आमच्यापर्यंत आला तेव्हा हाकेला दाद नाही, चिमट्याला नाही, श्वास वरवरचा. अंगावर कुठे दंश दिसेना. डॉक्टरांनी पापण्या बोटांनी वर धरल्या आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "ऐकू येत असेल तर अंगठा हलव." अंगठा जरासा हलला. कांडर चावली होती, घाटावर तिला मण्यार म्हणतात. तिच्या विषाने स्नायू लुळे पडतात, मेंदू जागाच राहतो. आम्ही पाळीपाळीने अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत राहिलो. बरा झाल्यावर त्याने सांगितलं की गाडीत काकी रडत रडत म्हणत होती, आता याची सायकल धाकट्याला द्या. सायकल काही त्याने दिली नाही.

म्हणून "काहीच दाद नाही" असं लिहिण्याआधी पापण्या वर करून एकदा अंगठा हलवायला सांगा. आणि पेशंटच्या उशाशी जपून बोला.

कागद आणि फोन

१०८ ला फोन केलात की गावाच्या आधी वाडीचं नाव, मग रस्त्यावरची खूण सांगा. कोकणात घर डोंगरउतारावर आणि खाली नुसती पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट असते, गाडी तिथवर येत नाही. एक माणूस टॉर्च घेऊन रस्त्यावर उभा करा, दुसऱ्याने खुर्ची शोधून ठेवावी, तिसऱ्याने पेशंटच्या सगळ्या गोळ्या पिशवीत भराव्यात. रिकामी पाकिटंसुद्धा.

मधुमेही असेल तर ग्लुकोमीटर आधी, बाकी नंतर. सत्तरच्या खाली साखर म्हणजे धोका. माणूस नीट गिळत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

गेल्या आषाढीला मी दापोलीला होते. सासूबाई ब्याऐंशीच्या. मधुमेहाची गोळी घेतली आणि एकादशी म्हणून सकाळपासून पोटात काही नाही. घरी पुतण्या होता, अकरावीतला, मी पढवून ठेवलेला. त्याने वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलेलं हे. मी ते जपून ठेवलंय.

१०.०५ – आजी घामाघूम. डोळे उघडे. मला दादा म्हणाली (दादा म्हणजे आजोबा). घर कुणाचं विचारलं, उत्तर नाही. बोटं धरली, सोड म्हटल्यावर सोडली. दोन्ही हात सारखे. श्वास २०, नाडी १०८. साखर ४१.

१०.१० – १०८ ला फोन केला. चमचाभर पाणी गिळता येतंय. तीन चमचे साखर पाण्यातून दिली.

१०.२५ – साखर ६६. मला ओळखलं. परत तीन चमचे.

१०.४० – साखर ९८. "उपास मोडलास मेल्या" म्हणाली.

१०.५० – गाडी आली. आजी जात नाही म्हणते. डॉक्टर म्हणाले, गोळीचा असर बारा-चोवीस तास राहतो, साखर परत उतरेल, न्यायलाच हवं. आजी दोन केळी घेऊन गेली.